उत्तनचा सीन

९ नोव्हेंबर, रविवार
सुट्टी असून स्टुडिओ उघडावा लागला. बांद्र्याहून तारिणी नावाची दिग्दर्शिका आली. तिशीची, साधी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. पहिलाच मोठा सिनेमा. फ्लायओव्हरखाली राहणारी पाच माणसं, पाचही नशेच्या नादी लागलेली. शूट आपल्याच भागात, काशीमिऱ्याच्या बाजूला. वर गाड्या, खाली गाड्या, जागेवरचा आवाज कुठला वापरता येणार. म्हणून सगळं डबिंग माझ्याकडे. मीरा रोडला शांतीनगरच्या गाळ्यात बसून असं काम चालून येतं तेव्हा मी पहिल्यांदा संशय घेतो.

संशय खरा ठरला. तिला आवाजाआधी माणूस हवा होता.

"भाऊ, मला ॲक्टर्स नकोत. जगलेले लोक हवेत. रिप्रेझेंटेशन महत्त्वाचं आहे." चार मिळालेत. एक बिहारी, एक मुसलमान म्हातारा, एक मणिपूरची मुलगी, एक तृतीयपंथी. पाचवा इथलाच हवा. "कोळी. ख्रिश्चन असेल तर फारच छान."

शाळेत स्नेहसंमेलनाला सगळ्या धर्मांची पोरं ओळीने उभी करायचे, तसं. मी म्हटलं, पारशी राहिला की. हसली नाही. मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

शेवट विचारला. म्हणाली, पाचवा शेवटी घरी जातो. बहीण चहा देते. संपलं.

आग्नेल आठवला होताच. लगेच नाव सांगितलं नाही. दुसरा चहा मागवला.

११ नोव्हें., मंगळवार
उत्तन, समुद्रकाठचा कोळीवाडा. आग्नेल बोंबील वाळत घालत होता. अंगावर मांस आलंय. पूर्वी माझ्याकडे जमावाच्या डबिंगला यायचा. दंगल, बाजार, वरात, काय हवं ते एकटा पाच जणांच्या आवाजात ओरडायचा. मीही त्यातूनच वर आलोय, म्हणून माया. मग गर्दच्या नादी लागला आणि त्याच फ्लायओव्हरखाली काही वर्षं काढली. बहिणीने उचलून व्यसनमुक्ती केंद्रात नेला. आता सुटलाय. दोन मोसम मासळीच करतोय.

बोलता बोलता मध्येच कावळ्यांना "हाऽड, हाऽड". दर वाक्यात एक. त्याच्या लक्षातही येत नाही.

बहीण मोनिका. थोरली, नवरा बोटीवर. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमचा मानूस पिच्चरमधी आला का हातात बाटली. दुसरं काय दाखवलंव कवा?"

म्हटलं, यात शेवटी शुद्धीवर येऊन घरी येतो. तू चहा देतेस त्याला.

आग्नेल थांबला. "घरी येतो? मंग करतो."

मोनिकाच्या दोन अटी. बुधवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये नशा सोडलेल्यांची मीटिंग असते, ती चुकवायची न्हाय. आणि, "तुमी नेताव, तुमीच आनून सोडायचा."

मी म्हटलं, मी आहे ना.

२६ नोव्हें., बुधवार
शूटवर गेलो होतो, सहज. आग्नेलची आज मीटिंग. प्रॉडक्शनचा माणूस म्हणाला, एकच बुधवार हो भाऊ, लाइट जातोय. एकच म्हणजे एकच, असं मीही म्हणालो.

पन्नीचा सीन, चांदीच्या कागदावर गर्द ओढायचा. आत पिठीसाखर की काय भरलेली. बाकीचे चाचपडत होते. आग्नेलने एकाच्या हातातून पन्नी घेतली, नीट धरली, परत दिली. तेवढंच.  तारिणीने त्याला मिठी मारली. "गोल्ड आहात तुम्ही."

साउंडवाल्याचा हेडफोन मागून घेतला. बाकीचे छाती फुगवून श्वास घेत होते, नाटकातल्यासारखे. आग्नेलचा श्वास आत गेला आणि बाहेर यायचं विसरला. साखर खोटी होती. श्वास खोटा नव्हता.

गाडीत बसल्यावर विचारलं, काय रे, बरा आहेस ना. म्हणाला, "हातांना आठवतंय, भाऊ. मी इसरलो, हात न्हाय इसरलं."

मग खिडकीबाहेर बघत बसला. सोडला घरी. मोनिका दारातच उभी होती. मीटिंगचं विचारलं नाही. मीही काढलं नाही.

१२ डिसें., शुक्रवार
उत्तनचा सीन झाला. बहिणीच्या कामाला नटी येणार होती, तारिणीने मोनिकालाच उभं केलं. आधी नाही नाही. मग आत जाऊन केस विंचरून आली. तारिणी म्हणाली, केस विस्कटा. मोनिका म्हणाली, "भाऊ घरी येनार आन मी झिपऱ्या सोडून बसू?" तशीच राहिली.

आग्नेल बोंबलांच्या बांबूंमधून चालत येतो. तिच्या तोंडी एकच वाक्य. "ये. चाय हाय."

पहिल्या टेकला झालं. मध्येच एक कावळा आला आणि आग्नेलने सवयीने "हाऽड" केलं. तारिणीला तेच फार आवडलं.

अख्खा पाडा बघायला. एक म्हातारी म्हणाली, आता बोलू दे कोन दारुडे म्हनून. लोकांनी तारिणीला सुकट बांधून दिली. बांद्र्यापर्यंत गाडीत वास जाईल, तिला काय कल्पना.

चांगला दिवस. असे दिवस लिहिताना हात आखडतो.

१९ जानेवारी, सोमवार
रिळं आली. कट लॉक, आता यात बदल नाही. सलीमने, माझ्या रेकॉर्डिस्टने, सकाळपासून लावून बघितली. दुपारी जेवताना म्हणाला, "भाऊ, वो चायवाला सीन किस रील में है?"

कुठल्याच नाही.

फोन केला. तारिणी घाबरली नाही, लपवलं नाही. "भाऊ, फार होपफुल वाटत होतं. ज्यांना ज्यांना दाखवलं, सगळे म्हणाले शेवट खोटा वाटतो. आता शेवटी महापालिकेची माणसं उठवायला येतात आणि पाचातला एक उठत नाही."

कोण?

"आग्नेल. त्यांचा चेहरा ते कॅरी करतो."

मरणाचा सीन केव्हा शूट केला? केलाच नव्हता. झोपलेला शॉट होता. त्यालाच मरण केलंय. एडिटिंगची कमाल आहे, मानलं पाहिजे. झोपलेला माणूस आणि मेलेला माणूस यांत फरक फक्त पुढच्या शॉटचा.

त्याला सांगितलंत? "तुम्ही सांगाल का? ते तुमचं ऐकतात."

ऐकतो खरा. सौ.ला सांगितलं. भाजी निवडत होती. म्हणाली, आजच जा उत्तनला. म्हटलं, डबिंग होऊ दे. मध्येच रुसून बसला तर पिक्चरही गेलं आणि तोही. तिने मान वर केली नाही. "तुमचं सगळं बरोबरच असतं."

३ फेब्रु., मंगळवार
डबिंग सुरू. पाचही जण आळीपाळीने. रेश्मा, ती तृतीयपंथी, स्वतःच्या सीनला टाळी वाजवायला तयार नाही. शूटला वाजवली होती, आता आवाजाला नको म्हणते. "भाऊ, मैं पंद्रह साल सिलाई करती थी कारखाने में। ताली मैंने इस पिच्चर में सीखी।" सलीमने माझी टाळी रेकॉर्ड करून टाकली. आता माझे हात तिला रिप्रेझेंट करतायत.

आग्नेलला हिंदीत बोलायचंय. मूळ शूटमध्ये तो त्याच्या भाषेत बोलला होता, ते तारिणीने बदललं, फक्त शिव्या कोळी ठेवल्यात. म्हणाला, "माज्या बोलीत बोललो तं लोक हसतात. हिंदीत बोललो तं रडतात. न्हाय?"

उत्तनचा सीन कवा, असं दोनदा विचारलं. शेवटी घेऊ म्हटलं.

६ फेब्रु., शुक्रवार
रोज तेच. कवा, कवा. मोनिका बी येनार बोलली. शेवटी डोकं चालवलं.

डिसेंबरचा कच्चा तुकडा माझ्याकडे होता, बघायला म्हणून दिलेला. तोच पडद्यावर लावला. मोनिका चर्चला जातानाची साडी नेसून आली, डब्यात बोंबलाची चटणी. हेडफोन घातल्यावर ओरडूनच बोलायला लागली. "ये! चाय हाय!" जणू समुद्रात हाक मारतेय. आग्नेल हसून हसून खाली बसला. मी आत गेलो, तिला सांगितलं, तो दोन हातांवर आहे, दमलाय, हळू बोल. मग बोलली. 

सलीम टॉकबॅक, आत ऐकू जाणारा माइक, बंद करून म्हणाला, "भाऊ, ये है ही नहीं पिच्चर में।"

रेकॉर्ड कर, म्हटलं.

दोघं खूश होऊन गेली. पाड्यावर सांगणार. दोन माणसं दोन महिने खूश राहिली तर कोणाचं काय जातं. तोवर तारिणीला गळ घालतो, निदान शेवटच्या नावांच्या मागे तरी लाव.

११ फेब्रु., बुधवार
आग्नेल नाक ओढतोय. टेकमध्ये येतं. सलीमने एसी बंद केला, तरी तेच. सर्दी म्हणाला. सर्दीत नाक जड होऊन आवाज बसतो. याचं नाक वाहतंय आणि आवाज पातळ झालाय. आणि जांभया. वाक्य संपलं की जांभई, हेडफोनमध्ये पोकळ, विहिरीत वाकल्यासारखी.

झोप न्हाय भाऊ, म्हणाला. तेच तेच सीन डोळ्याम्होरं येतात.

पाचलाच सोडला, मीटिंगला जा म्हणून. "जातंय ना."

माणूस खोटं बोलतो तेव्हा शब्दाच्या आधी एक घोट गिळतो. समोर बसलेल्याला कळत नाही. माइकला कळतं. मी हेडफोन काढून ठेवला.

तारिणीला नावांचं विचारलं. म्हणाली, बघूया. बांद्र्यात बघूया म्हणजे नाही.

१८ फेब्रु., बुधवार
राखेचा बुधवार. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आला. सकाळी चर्चला गेला होता म्हणे. आज नाक वाहत नाही. जांभया नाहीत. शांत, गोड, हळू. शर्टाची बाही खाजवत होता, तो खरखर आवाज माइकवर येत राहिला. सलीमने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं गेल्या बुधवारचा आवाज बरा होता, त्यात निदान न मिळाल्याची तडफड होती, असा विचार करत होतो.

शेवटचं रीळ. तारिणी हजर. त्याला सांगितलं, इथे फक्त श्वास हवेत. तीन-चार लहान, मग एक मोठा, मग काही नाही.

पडद्यावर बघितलं. दिले श्वास. पहिल्याच टेकला. मोठ्या श्वासानंतर इतका वेळ थांबला की सलीमचा हात दाराच्या कडीवर गेला.

तारिणीच्या डोळ्यांत पाणी. "इतकं खरं मी कधी ऐकलं नाही, भाऊ."

आग्नेल आतूनच बोलला, माइकवर. "मना तं तवा झोप सांगितलवती. मी झोपलोवतो."

सलीमने रेकॉर्डिंग थांबवलं.

"हिते मेलो, तं चाय कवा पितो?"

तारिणीने माझ्याकडे बघितलं. मी टॉकबॅक दाबला. म्हटलं, तो आधीचा सीन आहे रे. तो मरताना त्याला आठवतो. फ्लॅशबॅक.

"असा हाय काय," म्हणाला. राख घामाने भुवईपर्यंत उतरली होती.

जाताना पाठ थोपटली. हाडं लागली हाताला. नोव्हेंबरात लागली नव्हती. मोनिकाला फोन करणार होतो. मग वाटलं, काम तर संपलंच, आता मासळीत रमेल, उगाच बाईच्या जिवाला घोर. उद्या करतो.

१९ फेब्रु.
केला नाही.

२६ फेब्रु., गुरुवार
अंधेरीत दाखवला. छोटं थिएटर, पाड्यावरच्या सगळ्यांना यायचं होतं, दोनच खुर्च्या मिळाल्या. मीच घेऊन गेलो दोघांना. आग्नेल मागे बसला होता, कडेने, कॉलर वर. मोनिकाने वाटेत तीनदा साडी सारखी केली.

सुरू होण्याआधी तारिणीने पाचही जणांना उभं केलं. टाळ्या. कोणीतरी इंग्रजीत बोललं की हा खरा भारत एका पुलाखाली आहे. मणिपूरची मुलगी हळूच रेश्माला म्हणाली, मी तर अकाउंट्सला होते, मीरा रोडलाच. रेश्मा म्हणाली, चुप, फोटो निकाल रहे हैं.

पिक्चर चांगलं आहे. हे लिहून ठेवतो, कारण ते तितकंच खरं आहे. लोक हलले नाहीत.

उत्तन कुठेच नाही. महापालिकेची माणसं आली. श्वास. मोठा श्वास. थिएटरमध्ये माझ्या मशीनवरचा तो श्वास चारी बाजूंनी आला. मागे खुर्ची वाजली, सीट आपटून वर जाते तशी. मी वळून बघितलं नाही. आवाजावरून कळलं कोणती.

नावं सुरू झाली. मोनिका माझ्या कानाशी, "भाऊ, मी कवा येते?"

दिवे लागले.

बाहेर शोधलं. टॉयलेट, जिना, पार्किंग, रस्ता. फोन बंद. मोनिकाला एकटीला घेऊन आलो. दहिसर नाका आला. मग म्हणाली, "तुमाला ठाव व्हता."

प्रश्न नव्हता तो. प्रश्नाला आवाज शेवटी वर चढतो.

उतरताना डबा मागितला, चटणीचा. तो स्टुडिओत राहिलाय, म्हटलं. "ऱ्हाऊ द्या. तुमीच आनून सोडा," म्हणाली आणि दार लावलं.

१ मार्च, रविवार
पत्ता नाही. उत्तनच्या पोरांनी स्टेशन, खाडी, दोन्ही बाजू बघितल्या. मी फ्लायओव्हरखाली गाडीतून दोनदा गेलो. गाडीतून.

तारिणीचा फोन. खरंच रडत होती, मी ओळखतो. "मी काय करू सांगा. त्यांच्या नावाने पोस्ट टाकू? पोस्टरवर त्यांचाच चेहरा आहे, लोक ओळखतील."

नको, म्हटलं. ओळखलं तर हातात पन्नी देतील.

मग अडखळत म्हणाली, की परदेशातल्या प्रिंटसाठी पुलाखालचा दिवसाचा आवाज हवाय. माणसं, गाड्या, कुत्री. अर्धा तास. "तुमच्याशिवाय कोणाला सांगू."

हो म्हटलं. तोंडाला सवय आहे.

४ मार्च, बुधवार
चर्चच्या हॉलवर गेलो. गोल मांडलेल्या खुर्च्या, चहाची किटली, सातआठ जण. आग्नेल येतो का इथे, म्हणून विचारलं. एक पिकल्या केसांचा माणूस म्हणाला, यायचा. पिक्चर चालू झाल्यापासून न्हाय आला. आमी त्याची खुर्ची मांडतो पन.

म्हणजे त्या पहिल्या बुधवारपासूनच. मी ज्याला एकच म्हटलं.

बसता का, विचारलं त्याने. मी पीत नाही, म्हटलं. "इथं कोन पितं आता," म्हणाला. बसलो थोडा वेळ.  निघताना त्याने माझा कप स्वतः विसळला.

७ मार्च, शनिवार
दुपारी मशीन घेऊन फ्लायओव्हरखाली. सलीमला आणलं नाही. एका खांबाला टेकून बसलो, माइक उभा केला, हेडफोन घातला. ट्रक. हॉर्न. कुकरची शिट्टी. बाळ. कोणीतरी हिंदीत भांडतंय, कोणीतरी गुजरातीत मोबाइलवर. डोळे मिटले की इथे पाच नाही, पंचवीस जातीचे लोक आहेत आणि कोणी कोणाला रिप्रेझेंट करत नाही.

मग दोन ट्रकांच्या मध्ये, डावीकडून, खूप बारीक, "हाऽड."

तिथे कावळा नव्हता. मी बघितलं.

निळ्या ताडपत्रीच्या आडोशाला कोणीतरी पडलेलं. पाठ. चादर डोक्यावरून. मशीन चालूच ठेवून उठलो. जवळ गेलो. आग्नेल, म्हटलं. हललं नाही. नाव दुसऱ्यांदा घ्यायचा धीर झाला नाही. टपरीवरून काचेच्या ग्लासात चहा आणला, डोक्याशी ठेवला.  जे बोललो ते माझं नव्हतं.

"ये. चाय हाय."

परत खांबाशी येऊन तिकडे पाठ करून बसलो. बघत राहिलो असतो तर उठला नसता, एवढं मला माणसाचं कळतं.

तेवढ्यात महापालिकेची गाडी आली. ताडपत्र्या ओढायला लागले. पळापळ, भांडी, शिव्या. मी वळलो तेव्हा निळी ताडपत्री गाडीत होती. जागा रिकामी. चादर नाही. ग्लास आडवा. खाली चहाचं ओलं होतं का, ते पाहीपर्यंत लोक त्यावरून गेले होते.

आत्ता स्टुडिओत आहे. फाइल लावलीय. माझं वाक्य आहे. त्यानंतर ट्रक, हॉर्न. मग गाडी येण्याच्या जरा आधी एक आवाज. काच सिमेंटवरून सरकल्याचा. उचलताना सरकतो तसा. लाथेने असता तर आपटला असता. बहुतेक. कुत्रंही असेल.

त्याच्यानंतर जे आहे ते फार खाली आहे. घोट असेल. वरून रिक्षा जाते.

मोनिकाचा फोन दोनदा येऊन गेला. चटणीचा डबा समोर आहे, धुवून ठेवलाय. तिला काहीतरी सांगावं लागेल आणि या वेळी माझ्याकडे जे आहे तेवढंच सांगायचंय.

रिक्षा कापून पुन्हा लावतो. आवाज वाढवून.